भांड्यावर घातलेलं नाव

आमच्या घरात स्टीलचं एक पातेलं आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी बाबांचं नाव, त्याखाली 'पेठ' आणि धाकट्या बहिणीच्या बारशाची तारीख घातलेली आहे. लग्नकार्यात ते कितीदा या घरून त्या घरी गेलं असेल. एकदा तर दोन महिने दिसलं नव्हतं. पण परत आलं. नाव घातलेलं भांडं उशिरा का होईना, घरी येतं.

यंदाच्या पावसाळ्यात मला हे पातेलं रोज आठवत होतं, कारण मी गाण्यांवर नावं घालत बसलो होतो.

पेठचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सावळ घाट, कोटंबी घाट धुक्यात बुडाले की तालुका चार महिने आपल्यापुरता होतो. वीज असेल तेवढ्या वेळात मी लॅपटॉप उघडायचो. त्यात घरातली सगळी गाणी गोळा केली होती: २,३१४. काही सीडीवरून उतरवलेली, काही मित्रांच्या पेनड्राइव्हवरून आलेली, काही बसस्टँडजवळ पैसे देऊन भरून घेतलेल्या मेमरी कार्डांतली. आणि काही बाबांच्या कॅसेटवरची. प्लेअरमध्ये ती सगळी लावली, तेव्हा ६११ गाण्यांपुढे एकच शब्द होता: 'अज्ञात'. गाणं 'ट्रॅक ०३', गायक अज्ञात, अल्बम अज्ञात. मेमरी कार्डातल्या गाण्यांची गत आणखी वाईट. तिथे गायकाच्या जागी कुठल्यातरी संकेतस्थळाचा पत्ता होता. माणिक वर्मांचा आवाज कानावर पडतोय आणि पडद्यावर त्यांच्या नावाऐवजी जाहिरात दिसते आहे, हे मला सहन होईना. त्या रात्री ठरवलं, एकेक गाणं हातात घ्यायचं.

पहिली गोष्ट शिकलो ती अशी. फाइलचं नाव बदलून काही होत नाही. फाइलचं नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. डबा दुसऱ्या घरी गेला की ती निघते. खरं नाव फाइलच्या आत घालावं लागतं. त्याला टॅग म्हणतात आणि प्लेअर आधी तोच वाचतो. एमपी३ तयार झालं तेव्हा त्यात गाण्याची माहिती ठेवायला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा जोडायची युक्ती काढली. तिचं नाव आयडी३. गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०, शेऱ्याला ३०, वर्षाला ४ आणि गाण्याच्या प्रकाराला १. प्रकारांची यादी ८० नावांची होती. तीत भावगीत नव्हतं, नाट्यगीत नव्हतं, लावणी नव्हती, ओवी तर नव्हतीच. देवनागरीलाही तिथे जागा नव्हती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे तीस बाइटांत दहा चिन्हं, काना-मात्रा धरून. 'माणिक वर्मा' एवढं नावसुद्धा त्यात मावलं नसतं. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं ही भिंत पाडली. तिच्यात मराठी नाव पूर्ण लिहिता येतं, संगीतकार आणि गीतकार यांचे वेगळे रकानेही आहेत. पण ते रिकामेच राहतात, कारण कुणी भरत नाही.

नाव हरवण्याचा हा रोग संगणकाच्या आधीचा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेझबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा हे कसं कळणार? म्हणून गाणं संपता संपता गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत उच्चारत. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा टॅग आहे आणि तो गाण्याच्या अंगातच कोरलेला आहे. तबकडीवरचा कागद झिजला, फाटला तरी तो पुसला गेला नाही.

उलटही घडलं. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं लता मंगेशकरांचं गाजलेलं गाणं आधी तबकडीवर 'कामिनी' या नावानं आलं. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालेच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाणारी खरी कोण? तेव्हा लताबाईंचं नाव पुढे आलं. ऐकणाऱ्यांनी हट्ट धरला म्हणून एका गाण्याचा रकाना दुरुस्त झाला. हे मला फार मोलाचं वाटतं. माहिती भरणं हे फक्त कंपनीचं काम नाही, ऐकणाऱ्याचंही आहे.

सीडी आली तेव्हाही तिच्यात गाण्यांची नावं नव्हती. १९९३ मध्ये टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सीडीडीबी सुरू केलं. गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखायची आणि एकानं टाइप केलेली नावं दुसऱ्याला मिळायची. हजारो लोकांनी हौसेनं भरलेली ती यादी पुढे एका कंपनीची मालमत्ता झाली. तेव्हा रॉबर्ट के यांनी २००० च्या सुमारास 'म्युझिकब्रेन्झ' उभं केलं. ते आजही सर्वांना खुलं आहे. त्यांचा 'पिकार्ड' नावाचा मोफत प्रोग्रॅम गाणं थेट ऐकून ओळखायचा प्रयत्न करतो. सुरुवातीची दोनेक मिनिटं तो सप्तकातल्या बारा सुरांत विभागतो, कुठला सूर केव्हा किती ठळक आहे याचा ठसा बनवतो आणि जमवलेल्या ठशांशी ताडून पाहतो. अंगठ्याच्या ठशासारखंच.

या ठशांनी माझी ६११ पैकी २०० च्या वर गाणी एका रात्रीत ओळखली. हिंदी चित्रपटांची बहुतेक, मराठीतली गाजलेली काही. कॅसेटवरची मात्र जवळजवळ एकही नाही. कॅसेटची फीत ताणते, टेप हळू किंवा जलद फिरतो, सूर चढतो वा उतरतो आणि ठसा जुळत नाही. शिवाय जे कुणी आधी भरलेलंच नाही ते यंत्र आणणार कुठून?

मग उरलेली गाणी मी 'एमपी३टॅग' या साध्या प्रोग्रॅममध्ये हातानं घेतली. सोबत कॅसेटची जुनी वेष्टनं आणि 'आठवणीतली गाणी' या संग्रहातल्या नोंदी. आपल्याकडे गाण्याची ओळख तीन शब्दांत करायची रीत आहे: गीत, संगीत, स्वर. आकाशवाणीच्या निवेदकांनी ती आपल्या कानात पिढ्यान्पिढ्या मुरवली. प्लेअर मात्र 'कलाकार' एवढंच विचारतो. 'गीतरामायणा'चंच बघा. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ५६ गाणी. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज होते. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी गाणी स्वतः गायली आणि तीच घरोघरी पोचली. एकट्या 'कलाकार' रकान्यात ५६ वेळा 'सुधीर फडके' लिहिलं, तर माडगूळकर जातात आणि ते पहिले आवाजही जातात.

'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटाशी तर मी एक संध्याकाळ अडून बसलो. संगीतकार आनंदघन. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. मग रकान्यात काय लिहायचं? शेवटी 'आनंदघन' लिहिलं, कारण ते नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं. शेऱ्याच्या जागी 'म्हणजे लता मंगेशकर' लिहिलं. ज्यानं जे नाव घेतलं ते आधी ठेवावं, ओळख खाली द्यावी. हा नियम मी पुढेही पाळला.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांना तीन गोष्टी सांगतो. आधी सगळ्या गाण्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. टॅग आयडी३ च्या २.३ आवृत्तीत साठवा, जुन्या प्लेअरना ती मानवते. आणि माहिती कुठून मिळाली ते शेऱ्यात लिहा, म्हणजे चुकलं तर पुढच्याला दुरुस्त करता येईल.

गणपतीपर्यंत 'अज्ञात'ची संख्या १४ वर आली. ती चौदा गाणी बाबांच्या कॅसेटवरची होती.

बाबा प्राथमिक शिक्षक. उमेदीची वर्षं त्यांनी पेठच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर काढली. कुणाच्या लग्नाला बोलावलं की टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. चौदाही गाणी एकाच कॅसेटवर आहेत आणि तिच्यावर पाड्याच्या नावाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: 'लग्न. १९८७. बाया.' एवढंच. पाड्याचं नाव आहे, बायांचं नाही. घरातल्या प्रत्येक वाटीवर नाव घालून घेणारा हा माणूस. पण त्या काळी कुणालाच हे सुचत नव्हतं. लोकगीत म्हणजे सगळ्यांचं, म्हणून ते कुणाचंच नाव न लिहिता वहीत उतरायचं. थाळीत मेणानं काडी उभी करून, तिच्यावर बोटं ओढत रात्रभर कथा सांगणारा थाळकर असो की डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजवणारा असो, कॅसेटवर तो 'एक आदिवासी कलाकार' असायचा.

तरी आपल्याच महाराष्ट्रात हे वेगळ्या रीतीनं करून दाखवलेलं आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरच्या नोंदींची बाजू सांभाळली. आज हा ठेवा 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर आहे. ओवी कितीही जुनी असो, ती कुणी गायली, तिचं गाव कुठलं, तालुका कुठला, हे तिथे लिहिलेलं सापडतं. दळणारी बाई तिथे गायिका म्हणून नोंदली गेली आहे. ते वाचलं आणि चौदा गाणी 'अज्ञात' ठेवून झोपणं मला जमेना.

पाऊस ओसरल्यावर, नागलीची कणसं भरत आली होती तेव्हा, मी त्या पाड्यावर गेलो. एका ओसरीवर फोन ठेवून पहिलं गाणं लावलं. बाया जमल्या. तरुण मुली हसल्या, मग गप्प झाल्या. खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं फोनकडे बोट केलं. म्हणाली, "ही माझी जाऊ. मागून ओढते ती मी." जाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. गाणं तिनं तीनदा लावायला लावलं. तिसऱ्या वेळी ती आतल्या आवाजात सोबत म्हणू लागली. घरातली नातवंडं आजीकडे बघत राहिली, कारण आजीचा तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

मी विचारलं, "मावशी, तुमचं दोघींचं नाव लिहू का?" ती म्हणाली, "लिही." मग नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, जावेचंही सांगितलं. बारा गाण्यांत त्या दोघीच होत्या. उरलेल्या दोनांतला आवाज तिनं आणखी एकीचा म्हणून ओळखला.

स्वर भरले. संगीताच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं. गीताच्या रकान्यातही तेच लिहायला हात गेला आणि सवयीनं विचारून घेतलं, "हे शब्द जुनेच ना?" तिनं नकारार्थी मान हलवली. चाल जुनी, पण नवरीला नदी ओलांडून न्यायची ती चार कडवी तिच्या सासूची. सासूच्या स्वतःच्या लेकीचं लग्न पुरात अडकलं होतं, तेव्हा मांडवात बसून तिनं ती जोडली होती. पाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

निघण्याआधी तिनं ती कडवी माझ्या फोनवर पुन्हा म्हटली. संपल्यावर मी तिला खूण केली, तशी ती फोनजवळ वाकली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आधी सासूचं नाव म्हणाली आणि मग स्वतःचं.