सावित्रीबाईंची अडचणीची कविता

दरसाल 3 जानेवारीस महाराष्ट्रांतील शाळांशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीस हार घातले जातात. तें योग्यच आहे. परंतु परंदवडीसारख्या मावळांतील गांवीं ज्या मुली तो हार गुंफतात, त्यांपैकीं कितीजणींस बाईंच्या चार ओळी वाचावयास मिळाल्या, असा आमचा शाळाचालकांस रोकडा सवाल आहे.

1848 त पुण्यास मुलींची शाळा निघाली हें सर्वांस ठाऊक असतें. त्याच शाळेंतील ही शिक्षिका कवयित्रीही होती, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ‘काव्यफुले’ 1854 सालीं निघालें तेव्हां बाईंचें वय 23 वर्षांचें. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर! या लहानशा पुस्तकांत पिवळा चाफा आहे, जाईचें फूल आहे, शिवछत्रपति व ताराबाई आहेत, आणि शूद्रांचें दुखणेंही आहे.

आतां नाजूक मुद्दा. आयर्लंडांत टॉमस डेव्हिस हा कवि 1842 पासून आपल्या ‘नेशन’ पत्रांतून इंग्रजी सत्तेविरुद्ध इंग्रजी भाषेंतच गीतें लिहीत होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आमच्या पुण्याची कवयित्री इंग्रजीस माउली म्हणते! राष्ट्रीय बाण्याचे वक्ते हें पान हळूच उलटतात. आम्हीही त्याच बाण्याचे. तथापि साक्षीदाराच्या जबानींतील सोयीचें तेवढें ठेवून गैरसोयीचें खोडणें कोणत्याही कोर्टांत चालत नाहीं. राज्य गेल्याचें दुःख आम्हांस झालें, कारण त्यांत आमचा वांटा होता. ज्यांस पेशवाईंत पाटीपेन्सिलीचा वांटाही नव्हता, त्यांनीं कोणत्या तोंडानें रडावें? बाईंच्या कवितेंतील ती कृतज्ञता म्हणजे आमच्याच पूर्वजांवरील फिर्याद आहे, आणि ती फेटाळण्याजोगा पुरावा आम्हांपाशीं नाहीं.

ही कृतज्ञता लाचारीची नव्हती. 1877 त दुष्काळाच्या कामासाठीं जुन्नरकडे ओतूरास असतां, सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांस सरकारनें पकडल्यावरून त्यांनीं खुद्द कलेक्टरास जाब विचारला. ही हकीकत त्यांनीं जोतीरावांस धाडलेल्या पत्रांतच आहे.

बाईंचें समग्र वाङ्मय मा. गो. माळी यांनीं संपादिलें असून राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें तें छापलें आहे. त्याची एक प्रत प्रत्येक शाळेच्या कपाटांत असावी, व त्या कपाटास कुलूप नसावें. येत्या 3 जानेवारीस परंदवडीच्या एखाद्या मुलीनें चाफ्याबरोबर ती माउलीची कविताही मोठ्यानें वाचावी. नंतर ती प्रश्न विचारील. गुरुजींनीं त्याची तयारी आजपासून करावी.