मनाच्या जखमेचीही नोंद हवी



उसाची नोंद वेळेवर झाली नाही तर काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. लागण केली, पाणी दिले, खत टाकले, ऊस डोक्याच्या वर गेला. पण गट कार्यालयात नोंद नाही, म्हणून तोड येत नाही. काट्यावर वजन झाले आणि पावती गहाळ झाली, की बिलासाठी हेलपाटे सुरू. आज आम्ही ज्या प्रश्नावर लिहीत आहोत तो याच जातीचा आहे. फक्त इथे उसाच्या जागी माणूस आहे, आणि तो आपल्याच घरचा आहे.

फौजेतून मनाला जखम घेऊन परतणाऱ्या जवानांचा आणि त्यांच्या डिसेबिलिटी पेन्शनचा हा प्रश्न आहे. कारखान्याच्या वार्तापत्रात हा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की, सभासदाच्या घरात एक कर्ता मुलगा रात्र रात्र जागा बसतो, तेव्हा त्या घरची शेतीही बसते.

मावळाला फौज नवी नाही. तळेगाव हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांना याच वाटेवर माघार घ्यावी लागली आणि वडगावी तह झाला. आजही तळेगावात सी.आर.पी.एफ.चे ग्रुप सेंटर आहे, देहूरोडला दारूगोळ्याचा डेपो आहे, आणि वस्तीवस्तीवर पेन्शनीत आलेला कोणी हवालदार, कोणी सुभेदार आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत पहिल्या महायुद्धाचे दगडी फलक लावलेले आहेत. १९१४ ते १९१९ या लढाईत या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच त्यावर मजकूर. परत आलेल्यांपैकी किती जण पुन्हा नीट झोपू शकले, याचा आकडा कोणत्याही फलकावर नाही. तो कोणी मोजलाच नाही.

या आजाराला नाव मिळायलाही वेळ लागला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय मासिकात वापरला. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हालअपेष्टा पाहून १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला अधिकृत आजार मानले. पी.टी.एस.डी. म्हणतात तो हाच. आपली मुले श्रीलंकेत शांतिसेनेत होती, सियाचिनवर बर्फात राहिली, काश्मीरमध्ये वर्षानुवर्षे बंदुकीच्या चापावर बोट ठेवून फिरली. पाहिलेले विसरता येत नाही, झोपेत तेच दिसते, ट्रॉलीचे टायर फुटले तरी माणूस जमिनीवर आडवा होतो, दिवाळीत घराबाहेर पडत नाही, पोरांवर विनाकारण हात उचलतो आणि मग कोपऱ्यात बसून राहतो, ही त्याची लक्षणे. हा भित्रेपणा नाही. गोळी लागलेला पाय लंगडतो, तसे हे मन लंगडते.

पण आपण काय करतो? “डोक्यावर परिणाम झालाय” असे कुजबुजतो. देवर्षाकडे नेतो, अंगारा लावतो. धाकट्या बहिणीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून घरचेच झाकून ठेवतात. आणि जवान तरी काय वेगळे करतो? फौजेत तब्येतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांनी होते, त्यातले पहिले अक्षर मनाचे. तिथे एकाचे दोन झाले की ‘लो मेडिकल कॅटेगरी’ लागते. बढती अडेल, सोबती हसतील, या भीतीने तो दाखवायलाच जात नाही. दात-ओठ खाऊन नोकरी ओढतो, नाही तर घरची अडचण सांगून स्वतःच नाव काढून घेतो. ट्रंक घेऊन तळेगाव स्टेशनवर उतरतो तेव्हा आजार त्याच्यासोबत असतो. कागद मात्र कोरा असतो.

आमचे म्हणणे इथेच आहे. पेन्शन आजाराची मिळत नाही, नोंद झालेल्या आजाराची मिळते. आणि ती नोंद व्हायची जागा फौजेतच आहे, गावाला आल्यावर नाही.

आता हे काम चालते कसे ते पाहू. फौज सोडताना डॉक्टरांचे मंडळ बसते. नोकरी पुरी करून निघाला तर ‘रिलीज मेडिकल बोर्ड’, आजारामुळेच काढला तर ‘इनव्हॅलिडिंग बोर्ड’. हे मंडळ मुख्यतः दोन गोष्टी ठरवते. एक, विकलांगता किती टक्के. दुसरी, हा आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला, की दोन्ही नाही. किमान २० टक्के विकलांगता आणि नोकरीशी संबंध, ही मूळ अट आहे. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, ५० टक्क्यांना १५ टक्के, असा साधारण हिशेब असतो. मनाच्या आजारात पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा अहवालही लागतो. दहा नंबरचा फॉर्म म्हणतात तो. जवान कुठे होता, काय प्रसंग गुदरला, आधी कसा होता, नंतर कसा झाला, हे त्यात येते. या फॉर्मवर दोन ओळीही नीट पडल्या नाहीत तर पुढे वकिलाची पानेच्या पाने लिहूनही भरपाई होणे अवघड.

मंडळाने “दोन्ही नाही” असा शिक्का मारला, की घरी नकाराचे पत्र येते. बहुतेक घरे तिथेच थांबतात. सरकारने नाही म्हटले, संपले. पण ते संपलेले नसते. सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येते, ते फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे खंडपीठ मुंबईला आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत काही गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी जवान निरोगी म्हणून घेतला आणि तेव्हा कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर नंतर जडलेला आजार नोकरीमुळेच आला असे धरून चालावे. तसे नसेल तर सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि मंडळाने कारण लिहिले पाहिजे. मात्र सगळेच निकाल जवानाच्या बाजूने लागले असे कोणी समजू नये. २०१९ साली नरसिंह यादव यांच्या खटल्यात, मनाचा आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असे नाही, असे सांगून न्यायालयाने जवानाची मागणी फेटाळली. पुढे २०२५ च्या मे महिन्यात राजूमोन यांच्या खटल्यात न्यायालयाने मनाच्या आजाराने घरी पाठवलेल्या जवानाला न्याय दिला आणि मंडळाने कारणे दिलीच पाहिजेत हे पुन्हा ठासून सांगितले. या तिन्ही निकालांतून आम्ही एकच बोध घेतो: ज्याच्याजवळ कागद आहे त्याला वाव आहे.

एक गोष्ट फार नाजूक आहे, पण बोललीच पाहिजे. ती म्हणजे दारू. झोप येत नाही म्हणून माणूस पितो, आणि पितो म्हणून गाव त्याला दारुडा म्हणते. आता नियम ऐका. दारूच्या अतिरेकाने आलेल्या विकलांगतेला भरपाई नाही, कारण ती माणसाच्या हातातली गोष्ट मानली आहे. म्हणजे कागदावर आधी दारू लिहिली गेली आणि तिच्यामागचा आजार लिहायचा राहिला, तर दावा तिथेच बुडतो. ज्याने पोरगा पिताना पाहिला त्या बापाने “का पितोस” हे रागाने नव्हे, खरोखर विचारावे, आणि सुट्टी संपायच्या आत त्याला लष्करी इस्पितळाची वाट धरायला लावावी.

तळेगावच्या लोकांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. सी.आर.पी.एफ. ही फौज नव्हे, गृहखात्याचे दल आहे. त्यांच्या विकलांगतेचे नियम वेगळे, आणि त्यांची दाद उच्च न्यायालयात लागते, सेना न्यायाधिकरणात नाही. या दलातले एक अधिकारी रवींदर कुमार धारीवाल यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. त्यांना मनाचा आजार होता. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वागणुकीमागे आजार असताना आजारी माणसावर अशी कारवाई करणे हा भेदभाव आहे. ही गोष्ट आपल्या चावडीवरही सांगण्यासारखी आहे.

फौजेचे नियमही आता बदलले आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून निघणाऱ्यांना नवे हक्क-नियम लागू झाले. त्याआधी निघालेल्यांना जुने. अग्निवीरांचे तर सगळेच वेगळे. त्यांना पेन्शन नाही. नोकरीमुळे विकलांग होऊन बाहेर पडल्यास ५०, ७५ आणि १०० टक्क्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाखांची एकरकमी मदत आहे. तीही नोंदीवरच. चार वर्षांची नोकरी करणारा पोरगा कायम होण्याच्या आशेवर आजार जास्तच लपवील, ही आमची भीती आहे. घरच्यांनी ती आजच मनात धरावी.

काही जाणती मंडळी म्हणतात, यात खोटे दावे करणारेही असतात. असतील. नवे नियम आणताना गैरफायदा रोखण्याचेच कारण पुढे केले गेले. पण काट्यावर कोणी एकाने ओला पाला घातला, म्हणून साऱ्यांचा ऊस परत पाठवायचा का? खोट्याला पकडायचे तर खऱ्याची तपासणी नीट करा आणि कारण लिहा. न्यायालयानेही हेच सांगितले.

दुसरी शंका जास्त खरी आहे. निवृत्तीनंतर आपल्या पुष्कळ जवानांची चूल चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांतील सिक्युरिटीच्या नोकरीवर पेटते. मनाच्या आजाराचा कागद निघाला तर ही नोकरी जाईल, हातात बंदूक कोण देईल, असे तो विचारतो. याला आमच्यापाशी गोड उत्तर नाही. हातात बंदूक आणि रात्रपाळी, ही त्या माणसासाठी सर्वांत वाईट नोकरी आहे, हे मात्र स्पष्ट आहे. त्याला दिवसपाळी द्या, स्टोअरमध्ये बसवा, काट्यावर बसवा. आणि बाहेरच्या कंपन्यांना सांगण्याआधी ही सुरुवात आपल्या कारखान्याने आपल्या फाटकावर करावी.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गट कार्यालयाने सभासद कुटुंबांतल्या आजी-माजी सैनिकांची यादी करावी आणि महिन्यातून एक दिवस एखाद्या निवृत्त सुभेदारसाहेबांना कागद पाहायला बसवावे. मंडळाच्या अहवालाची प्रत, नकाराचे पत्र, इस्पितळाचे डिस्चार्ज कागद, सर्व एका फाईलला लावावेत आणि पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत जावे. एकटा गेलेला माणूस पहिल्या खिडकीवरून परत येतो. दुसरी, जुनी प्रकरणे मेली असे समजू नये. पेन्शनचा हक्क महिन्यागणिक चालू राहतो. उशिरा आलेल्यालाही दाद मिळू शकते, फक्त थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंह यांच्या खटल्यात ठरवले. एकेक वर्ष गेले तसे एकेक वर्षाचे पैसे गेले. तिसरी, उपचार. पैसा हा उपचाराला पर्याय नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फोन चोवीस तास चालतो, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष २०२३ च्या डिसेंबरापासून पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. तो आकडा गट कार्यालयाच्या फळ्यावर, उसाच्या दराशेजारी लिहावा.

बायाबापड्यांना आमची एक विनंती आहे. नवरा रात्री ओरडून उठतो, हे पहिल्यांदा त्याच्या बायकोला कळते. सासूसासऱ्यांनी तिला गप्प बसवू नये. केव्हापासून, किती वेळा, काय म्हणतो, हे तिने वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. डॉक्टर विचारील तेव्हा ही वही उपयोगी पडेल.

शहीद जवानाच्या फोटोला आपण हार घालतो, तो घालावाच. पण जिवंत परत आलेल्याकडे पाहून तोंड फिरवू नये. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनांवर ठराव यावा, आणि तो मांडायला कोणी तरी उभे राहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.