घरदुरुस्ती : बेसमेंटमधल्या पाइपांची ओळख

मंडळी, थंडी ओसरली की या सदराला फोन येऊ लागतात, आणि दरवर्षी त्यात एक प्रश्न असतोच. "बिल्डरने बेसमेंटमध्ये बाथरूमचं रफ-इन देऊन ठेवलंय. जमिनीतून चार-पाच पाइप वर आलेत, सगळ्यांची तोंडं बंद. यातला कुठला कशाचा?" कुणाकडे भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतात आणि आईंना जिना झेपत नाही, कुणाला गणपतीच्या गर्दीची काळजी. घाई असतेच. पण पाइप ओळखल्याशिवाय एकही भिंत उभी करू नका.

रफ-इन म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी जमिनीखाली टाकून ठेवलेले सांडपाण्याचे पाइप. आपल्याला दिसतात ती नुसती टोकं. आधी जाडी पाहा. तीन इंची, क्वचित चार इंची, तो कमोडचा. (तीन इंची पाइप बाहेरून मोजला तर साडेतीन इंच भरतो, गोंधळू नका.) शॉवरचा किंवा टबचा दोन इंची. बऱ्याचदा त्याच्याभोवती काँक्रीटमध्ये चौकोनी खळगा सोडून त्यात वाळू किंवा खडी भरलेली असते. भिंतीच्या रेषेत उभा असलेला दीड-दोन इंची पाइप सिंकचा.

हा सिंकचा पाइप दिसतो साधा, पण बहुतेक घरांत तोच बाकीच्यांना हवाही पुरवतो. वर जॉइस्टांमध्ये टोपण लावलेला एक पाइप शोधा, तो व्हेंट. सिंकचा पाइप भिंतीतून वर नेऊन त्याला जोडायचा असतो. "आम्हाला सिंक नकोच" म्हणून कुणी तो जमिनीलगत कापून बुजवला, तर फ्लश केल्यावर शॉवरच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास घरात शिरतो. आपल्याकडच्या मोरीतला नहाणी ट्रॅप आठवा. तो कोरडा पडला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

जाडीवरून खात्री होत नसेल तर टोपण काढा, टॉर्च मारा आणि थोडं पाणी ओता. खाली पाणी साचलेलं दिसलं तर तिथे ट्रॅप बसवलेला आहे, म्हणजे तो शॉवरचा किंवा टबचा. कमोडच्या पाइपात पाणी थांबत नाही, कारण कमोडचा ट्रॅप त्याच्या पोटातच असतो. मात्र काही बिल्डर शॉवरचा ट्रॅप नंतरसाठी ठेवतात. तेव्हा खळग्यातली वाळू उकरून बघावी लागते. बघून झालं की टोपण लगेच परत लावा.

पाणी जातं कुठे, हेही पाहायला हवं. घराची मुख्य सांडपाण्याची लाइन बेसमेंटच्या जमिनीपेक्षा उंचावरून बाहेर पडत असेल, तर खाली घट्ट झाकणाचा इजेक्टर पिट लागतो. काही घरांत पिट असतो, पण पंप नसतो. संप पिट ही निराळी वस्तू. त्यात पायाभोवतालचं पावसाचं पाणी येतं. तुम्ही ओतलेलं पाणी संपमध्ये पडताना ऐकू आलं, तर काम तिथेच थांबवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पेनसिल्व्हेनिया, आयोवा अशा रेडॉन वायू जास्त असलेल्या भागांत नव्या घरांत रेडॉनचा पाइप घातलेला असतो. तोही तीन किंवा चार इंची, तोही पांढरा पीव्हीसी, आणि कधीकधी जमिनीशी टोपण लावून सोडलेला. हुबेहूब कमोडचा वाटतो! पण तो गटाराला जोडलेला नसतो, काँक्रीटखालच्या खडीत उघडा असतो. त्यावर कमोड बसवला तर सगळी घाण घराच्या पोटात साठत राहील, आणि कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. बाकीच्या पाइपांपासून दूर, एकटाच, संपच्या जवळ उभा असेल तर संशय घ्या. लेबल शोधा. आत टॉर्च मारल्यावर खडी दिसली तर प्रश्नच मिटला.

कमोडच्या पाइपाचा मध्य तयार भिंतीपासून बारा इंचांवर हवा. काँक्रीटच्या भिंतीपासून नव्हे! पुढे लाकडी फ्रेम आणि ड्रायवॉल येणार, त्यात चार-साडेचार इंच जातात. म्हणजे उघड्या काँक्रीटपासून अंतर साधारण साडेसोळा इंच भरायला हवं. दोन्ही बाजूंना मध्यापासून किमान पंधरा इंच मोकळे ठेवा. चौकोनी डोक्याचं पेचाचं झाकण असलेला पाइप दिसला तर तो क्लीनआउट. त्यावर टाइल बसवू नका, लाइन तुंबली की तोच उपयोगी पडतो.

एवढं करूनही शंका राहिली तर टाउनशिपच्या बिल्डिंग खात्यात घराचे नकाशे मिळतात का विचारा, किंवा प्लंबरला कॅमेरा घालून बघायला सांगा. परमिटसाठी त्या खात्यात जायचंच आहे. इन्स्पेक्टर भिंती बंद होण्याआधी येतो. त्या दिवशी प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा.