‘आपापसांत मिटवून घ्या’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहाच्या रेक्टरांच्या खोलीत. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री माझ्या दारावर कोणीतरी खडूने ‘पाकिस्तान एम्बसी’ असे लिहिले. मी पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री दाराला बाहेरून कडी लागली आणि सकाळचे प्रॅक्टिकल बुडाले. रेक्टरांनी त्या दोघांना बोलावले, मला बोलावले, हात मिळवायला लावले. “मस्करी आहे रे, मनावर घेऊ नकोस. आपापसांत मिटवा. बाहेर गेले की कॉलेजचे नाव खराब होते.” मी हात मिळवला. घरी कळवले नाही. त्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. गुणपत्रिकेवर एटीकेटी दिसते, तिचे कारण दिसत नाही.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या मुलाचा रात्री अकराला फोन आला. “भाई, तक्रार करू का नको?” त्याची कहाणी माझ्यापेक्षा वाईट होती, आणि तेच वाक्य त्याने दोन ठिकाणी ऐकले होते. एकदा प्राचार्यांकडून. दुसऱ्यांदा आपल्याच मोहल्ल्यातल्या, वडिलांच्या मित्राकडून. हा लेख त्या दोघांनाही उद्देशून आहे.

आधी प्राचार्यांशी बोलू. विद्यार्थ्याचा छळ झाला की प्रत्येक संस्था सांगते, आमच्याकडे समिती आहे. समितीत कोण? त्याच विभागाचे प्राध्यापक, त्याच प्राचार्यांच्या हाताखालचे लोक. पुढच्या वर्षीचे प्रवेश आणि संस्थेचे नाव हीच त्यांची पहिली काळजी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासून ‘ठीक आहे’ म्हणायचे, हे आमच्याकडे साध्या मोबाईल ॲपलाही चालत नाही. तपासणारा वेगळा लागतो, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही आणि दिसली तरी सांगवत नाही. माणसाच्या मुलाच्या बाबतीत मात्र हीच पद्धत आपण न्याय म्हणून चालवून घेतो.

बाहेरचा माणूस लागतो, हे या देशाच्या कायद्याला माहीत नाही असे नाही. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या तक्रार समितीत बाहेरच्या संस्थेचा प्रतिनिधी असावा असे सांगितले. वरिष्ठांचा दबाव येऊ नये, हे कारण तिथेच दिले आहे. २०१३ च्या कायद्याने तो बाहेरचा सदस्य सक्तीचा केला. पण जात किंवा धर्म यांवरून अपमान झाला, तर यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत तक्रार ऐकायला जो भेदभावविरोधी अधिकारी आहे, तो संस्थेतलाच प्राध्यापक. म्हणजे शरीराला हात लागला तर बाहेरचा साक्षीदार, आणि अस्तित्वालाच हात घातला तर घरातलाच पंच.

याची किंमत आपण पाहिली आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. सीनियर डॉक्टरांकडून छळ होतो आहे हे आपण आधीच कानावर घातले होते, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे आहे. खटला चालू आहे, निकाल न्यायालय देईल. पण त्यानंतर तिची आई आबेदा तडवी यांनी जे केले ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. त्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी होती ती हेच नियम कागदावरून खाली उतरवण्याची. दोन राज्यांतल्या, दोन समाजांतल्या दोन आयांनी एकमेकींचा हात धरला. बाहेरचा आधार म्हणतात तो हाच.

दुसरे उदाहरण मुजफ्फरनगरचे. ऑगस्ट २०२३. पाढे येत नाहीत म्हणून शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एकेक करून एका मुसलमान मुलाला थोबाडीत मारायला लावले. व्हिडिओ देशभर फिरला. सुरुवातीला वडील काय म्हणाले? तक्रार करायची नाही, मुलाला शाळेतून काढून घेतो. गावात राहायचे असते, त्या बापाला दोष देता येणार नाही. पुढे मुंबईचे तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. ते त्या गावचे नाहीत, त्या धर्माचे नाहीत. न्यायालयाने पोलिसांना दिरंगाईबद्दल खडसावले, तपासावर वरिष्ठ अधिकारी नेमायला लावला आणि मुलाच्या समुपदेशनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिले. ज्या मुलांना हात उचलायला लावले होते, त्यांच्याही समुपदेशनाचा विचार न्यायालयाने केला. त्या मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला आणि त्याच्या शिक्षणाच्या खर्चाची जबाबदारी राज्य सरकारवर आली. हे ‘आपापसांत’ झाले असते का? आपापसांत फक्त शाळेचा दाखला मिळाला असता.

आता मोहल्ल्यातल्या काकांकडे वळतो. त्यांचे पहिले म्हणणे असे: “पोलिसांत गेलास तर उलट तुझ्यावरच केस होईल. कायद्याने आपल्याला काय दिले?” ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०१४ साली पुण्यात हडपसरला जमावाने मोहसीन शेख या तरुणाला मारले. तो माझ्याच आयटी क्षेत्रात काम करत होता. २०२३ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी स्क्रीनकडे नुसता बघत बसलो होतो. पण काका, तुम्ही दोन गोष्टी एक करता आहात. शिक्षा होणे ही एक गोष्ट. त्या पोराने उद्या परीक्षेला बसणे ही दुसरी. बाहेरची मदत आधी दुसरीसाठी लागते. गुन्हेगार सुटेल म्हणून आपल्याच मुलाने कॉलेज सोडावे, हा कुठला हिशोब? आणि एकटे जाऊ नये, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच सोबत वकील हवा, सोबत माणूस हवा. ‘जाऊच नको’ हे त्याचे उत्तर होत नाही.

काकांचे दुसरे म्हणणे मात्र मला सहन होत नाही. छळ करणारा आपल्यातलाच असला, आपल्याच ट्रस्टच्या शाळेतला, मदरशातला, शिकवणीतला असला, की तेच काका म्हणतात, “समाजाची बदनामी होईल. दुश्मनांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?” मुजफ्फरनगरच्या व्हिडिओवर रडणारे हे लोक शेजारच्या गल्लीतल्या लेकराच्या वेळी दार लावून घेतात. पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा. त्यात मौलवी, मुख्याध्यापक, विश्वस्त असा अपवाद नाही. जमातीची बैठक बोलावून, माफी मागायला लावून, त्या माणसाला दुसऱ्या गावी पाठवून देणे म्हणजे दुसऱ्या गावच्या मुलांना धोक्यात घालणे. रेक्टर कॉलेजचे नाव वाचवत होते, तुम्ही कौमचे नाव वाचवता. दोन्हीकडे मूल वाऱ्यावर.

एवढे बोलल्यावर, त्या मुलाला मी काय सांगितले तेही लिहिले पाहिजे.

पहिले, पुरावा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नकोस, ग्रुप सोडू नकोस. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि नंबर दिसू दे. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ फोन जपून ठेव. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. काय झाले ते त्याच रात्री वहीत लिही. कधी, कुठे, कोण होते, कोणी पाहिले. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घे.

दुसरे, तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. घेत नसतील तर ईमेल किंवा नोंदणी पोस्ट.

तिसरे, त्याच दिवशी बाहेर कळव. रॅगिंगची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. यूजीसीने २०१६ मध्ये व्याख्या वाढवून धर्म, जात, भाषा, प्रदेश यांवरून केलेला छळही रॅगिंगमध्ये धरला आहे. दर वर्षी तू आणि तुझे वडील जे प्रतिज्ञापत्र न वाचता भरता, ते यासाठीच असते. गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत फिर्याद द्यायची असते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात तर तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. हे वाक्य अर्जात लिही, बघ खुर्ची कशी पुढे सरकते.

चौथे, वकील. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते. फोन १५१००. स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अटच नाही, वकील मोफत मिळतो. ठाणे हद्दीचे कारण सांगत असेल तर शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो. तरी नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. राज्य अल्पसंख्याक आयोगालाही प्रत पाठव.

पाचवे, झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६, टेली-मानस. चोवीस तास, मराठीतही. अठराखालच्यांसाठी १०९८. हा दुबळेपणा नाही. ताप आला तर आपण गोळी घेतोच ना?

आणि बाहेर कळवणे म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरवणे नव्हे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, तो आपल्या बाजूच्याने केला तरी.

शेवटचे सांगणे आपल्या चळवळीला. आपण निषेधाची पत्रके वेळेवर काढतो. पण त्या पोराने रात्री अकराला मला फोन केला, कारण दुसरा नंबर त्याच्याकडे नव्हता. हा योगायोग होता, व्यवस्था नव्हती. प्रत्येक तालुक्यात दोन माणसे ठरवा, एक बाई, एक पुरुष. त्यांना वरच्या पाच गोष्टी पाठ असाव्यात, कोर्टातली विधी सेवेची खोली कुठे आहे ते माहीत असावे, आणि त्यांनी मुलासोबत ठाण्याच्या बाकावर तीन तास बसावे. फोटो काढू नये, नेत्याला बोलावू नये. मुलगी मागे हटली तर तिच्यावर जबरदस्ती करू नये. तिचा निर्णय तिचा. आणि मदत मागणारा दलित, आदिवासी, मणिपूरचा, बिहारचा असो, किंवा आपल्याच ट्रस्टच्या कॉलेजात छळलेला हिंदू मुलगा असो, तरीही जावे. तुषार गांधींनी नाव विचारून याचिका केली नव्हती.

तो डिप्लोमाचा मुलगा तक्रार घेऊन गेला. निकाल लागायचा आहे. मात्र परीक्षेला तो बसला, आणि बाहेर व्हरांड्यात त्याच्या वडिलांच्या शेजारी मी बसलो होतो. माझ्या वेळी तिथे कोणी नव्हते.