जुनी डिझेल पिकअप कीं पेट्रोलची लहान गाडी ?

गेल्या हंगामापासून आमच्या मंडळाच्या बैठकींत जमणाऱ्या शेतकरी बंधूंमध्यें एकाच प्रश्नाचा खल चालू आहे. घरापुरती मालवाहू गाडी घ्यावयाचें ठरलें, चार-पांच लाख रुपये हातीं आहेत किंवा कर्जानें उभे राहूं शकतात; तर त्या रकमेंत सात-आठ वर्षें चाललेली डिझेलची दणकट पिकअप घ्यावी, कीं आपल्या भागांत जिला सर्रास ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या जातीची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी नवी घ्यावी ? बहुतेकांचें मत विचारण्यापूर्वींच ठरलेलें असतें. ‘गाडी घ्यावी ती डिझेलचीच,’ असें ते म्हणतात, आणि इतक्या ठामपणें म्हणतात कीं, विचारणारा पुढें कांहीं बोलत नाहीं. या मताचा आम्हांस आदर आहे. परंतु तें ज्या काळांत तयार झालें तो काळ आतां राहिलेला नाहीं, एवढें दाखविण्याकरितां हा लेख आहे.

डिझेलवरील ही निष्ठा उगीच उत्पन्न झालेली नाहीं. आमच्या लहानपणीं विहिरीवर ऑइल इंजिन होतें, त्यामागून ट्रॅक्टर आला, आणि दोहोंनींही सहसा दगा दिला नाहीं. शिवाय डिझेल स्वस्त होतें. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्यें सरकारी नियंत्रणांतून मोकळे झाले. डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेले राहिले. त्यामुळें मे २०१२ मध्यें दिल्लींत पेट्रोल लिटरास ७३ रुपयांवर गेलें असतां डिझेल ४१ रुपयांच्या घरांत होतें. लिटरामागें बत्तीस रुपये वांचत असतील तर इंजिन जड आहे कीं हलकें, गाडी नवी आहे कीं जुनी, हा विचार कोण करील ? सन २०२५ मध्यें मुंबईस पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होतें. म्हणजे फरक तेरा रुपयांवर आला. आमची निष्ठा तेवढी अद्याप बत्तीस रुपयांच्या हिशेबानें चालू आहे.

आतां यंत्राच्या गुणांकडे पाहूं. डिझेल इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आंतील हवा इतकी दाबली जाते कीं, त्या दाबाच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. हा दाब सोसण्यासाठीं इंजिनाचे भाग भक्कम करावे लागतात. म्हणून तें टिकाऊ होतें आणि म्हणूनच महागही पडतें. एक लिटर डिझेलांत पेट्रोलपेक्षां सुमारें एक-दशांश अधिक उष्णता असते, आणि इंजिन हळू फिरत असतांही त्याचा जोर चांगला मिळतो. पावसाळ्यांत पाणंदीच्या चिखलांतून भरलेली गाडी ज्यानें बाहेर काढली आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. घाटाचाही दाखला पुष्कळ जण देतात. पण आमचा जुन्नरकडील माल माळशेजमार्गें कल्याणास जातांना घाट उतरतो, आणि चढतांना हौद्यांत रिकामे क्रेट असतात, हें बोलण्याच्या भरांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ट्रॅक्टरसाठीं घरीं डिझेल ठेवावेंच लागतें, तेंच गाडीसही चालतें, ही सोय मात्र खरी आहे. सन १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वयें डिझेल परवान्यावांचून २,५०० लिटरपर्यंत ठेवतां येतें, मात्र एका भांड्यांत १,००० लिटरांहून अधिक नसावें. पेट्रोल ३० लिटरांवर ठेवतां येत नाहीं, आणि घरांत तेवढेंही ठेवूं नये असेंच आम्ही म्हणूं.

परंतु खरा निर्णय इंजिनावर होत नाहीं, तो हौद्यावर होतो. पेट्रोलच्या या लहान गाड्या साडेसातशें किलोंच्या आसपास माल घेतात. डिझेल पिकअप सव्वा ते दीड टन घेते. टोमॅटोचा क्रेट वीस किलोंचा धरिला तर एकींत तीस-पस्तीस क्रेट आणि दुसरींत साठ-पासष्ट. आतां नारायणगांवच्या टोमॅटो बाजारापासून पंधरा किलोमीटरांवर राहणारा, तीन-चार एकर टोमॅटो करणारा एक शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. हंगामांत चाळीस दिवस त्याचा माल साठ क्रेट निघतो. उरलेल्या दिवसांत त्याची गाडी काय नेते ? दुधाचे कॅन, पेंडेचीं दोन पोतीं, खताच्या चार गोण्या, मोटार जळली तर मोटार, आणि लग्नसराईंत मंडळी. तीही नेऊं नये, पण नेतात.

समजा, किरकोळ कामांत वर्षाचे तीनशें दिवस रोज वीस किलोमीटर, म्हणजे ६,००० किलोमीटर होतात. जुनी डिझेल गाडी लिटरास बारा किलोमीटर देते असें धरूं. तिला ५०० लिटर, म्हणजे ४५,००० रुपये लागतील. पेट्रोलची गाडी लहान व हलकी, तिला पंधरा धरूं. ४०० लिटर, म्हणजे ४१,२०० रुपये. हंगामांत डिझेल गाडीच्या चाळीस फेऱ्या, १,२०० किलोमीटर, ९,००० रुपये. पेट्रोलच्या गाडीस तोच माल नेण्यास दुप्पट फेऱ्या, २,४०० किलोमीटर, आणि भरलेल्या गाडीस तेरा धरिले तर सुमारें १९,००० रुपये. बेरीज केली असतां डिझेलचे ५४,००० आणि पेट्रोलचे ६०,२०० होतात. ज्या फरकासाठीं इतका वाद चालतो तो वर्षास सहा हजारांचा आहे. नवी गाडी लाखभर रुपयांनीं महाग पडली तर त्या लाखाचें व्याज दहा हजार धरावें. म्हणजे जुन्या डिझेलच्या बाजूनें एकंदर सोळा हजार झाले. मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यानें हें अंतर पूर्वीपेक्षां कमीच झालें आहे. आणि सोळा हजारांत जुन्या डिझेल गाडीची दुरुस्ती होते काय, हें ज्याच्याकडे ती आहे त्यास विचारावें. आमच्या धाकट्या बंधूंच्या पिकअपला पहिल्याच वर्षीं इंजेक्टर, क्लच प्लेट व पुढील पाटे मिळून ४१,००० रुपये लागले. त्यांत टायर धरलेले नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं, हंगामांत दोन फेऱ्या करीपर्यंत लिलाव उरकतो, आणि उशिरा आलेल्या मालास पडेल तो भाव घ्यावा लागतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, ते चाळीस दिवस क्रेटमागें दर ठरवून मोठी गाडी भाड्यानें लावावी. चाळीस दिवसांच्या ओझ्यासाठीं तीनशें दिवस जड गाडी पोसणें हा व्यवहार नव्हे. एका पंगतीसाठीं घेतलेलें हंड्याएवढें पातेलें रोजच्या भाताला कोणी चुलीवर चढवीत नाहीं.

उलटपक्षीं, ज्याची गाडी आठवड्यांतून तीनदां भरून पुण्यास जाते त्यानें हा लेख येथेंच मिटवावा. नारायणगांवाहून पुणें सुमारें ७५ किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशें, वर्षास दीडशें फेऱ्या, म्हणजे २२,५०० किलोमीटर. वरच्याच दरानें डिझेलचे १,६८,७५० रुपये होतात. आणि तोच माल पेट्रोलच्या लहान गाडीनें दुप्पट फेऱ्यांत न्यावयाचा म्हटल्यास साडेतीन लाखांवर जातात. अशा माणसास डिझेलच घेतली पाहिजे.

किरकोळ फेऱ्यांविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हें मानक सर्व देशांत लागू झालें. तेव्हांपासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांस धुराच्या नळींत काजळी अडविणारी जाळी असते. ती भरली म्हणजे इंजिन स्वतःच धूर अतिशय तापवून ती काजळी जाळून टाकतें. परंतु त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग व वेगानें धांवावी लागते. जी गाडी सकाळीं डेअरीपर्यंत तीन किलोमीटर आणि संध्याकाळीं पुन्हां तीन किलोमीटर जाते ती कधीं तापतच नाहीं. जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर जातो, आणि मालक म्हणतो कीं गाडी खराब लागली. बीएस-४ च्या, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वींच्या गाड्यांत ही कटकट कमी. पण त्या आतां वयानें म्हाताऱ्या आहेत.

पेट्रोल निर्दोष आहे असें नव्हे. आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्यांत उष्णता पेट्रोलपेक्षां एक-तृतीयांश कमी. म्हणून गाडी लिटरास थोडी कमीच चालते. तें इथेनॉल आपल्याच उसाचें व मक्याचें आहे, सबब फार तक्रार करण्यास आपल्याला तोंड नाहीं. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीची जुनी पेट्रोल गाडी घेतांना तिच्या रबरी नळ्या या तेलास टिकतात कीं नाहीं हें पाहावें. पेट्रोलबरोबर सीएनजीवर चालणाऱ्याही लहान गाड्या मिळतात; पंप जवळ असेल व रांगेंत उभें राहण्यास घरांत माणूस असेल तर त्यांचा विचार करावा.

आतां कागदांविषयीं. या बाबतींत आम्हीं स्वतः मार खाल्ला आहे, म्हणून थोडें लांबेल. आम्हीं महसूल खात्यांत बत्तीस वर्षें लेखणी झिजविली. जमीन घेणारा कोणीही भेटला तर ‘आधीं सात-बारा काढा, इतर हक्कांत बोजा पाहा,’ हें आमचें ठरलेलें वाक्य. सन २०२२ मध्यें बंधूंनीं पिकअप घ्यावयाची ठरविली, पैसे आमच्या भविष्यनिर्वाह निधींतून काढले, आणि आम्हीं गाडीचा रंग पाहिला, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला; नोंदणी-पुस्तकावर कर्ज देणाराचें नांव तसेंच होतें, तें वाचलें, आणि विकणारा ‘कर्ज फिटलें आहे, आठ दिवसांत दाखला देतों’ म्हणाला त्यावर विश्वास ठेविला. टोमॅटोच्या ऐन हंगामांत बाजाराच्या फाटकाशीं वसुलीचीं माणसें आडवीं आलीं. बावन्न क्रेट दुसऱ्याच्या गाडींत चढविले, आपली गाडी दोन महिने अडकून पडली, आणि शेवटीं ७४,००० रुपयांची बाकी आम्हीं भरली. विकणाराचा फोन त्यानंतर लागला नाहीं. आमच्या बंधूंनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें.

तरी जुनी गाडी, डिझेलची असो कीं पेट्रोलची, घेणाऱ्यानें पैसे देण्यापूर्वीं एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घालून कर्जाची नोंद, विमा व पासिंगची मुदत पाहावी; थकलेले दंडही पाहावेत. कर्ज फिटलें असल्यास फॉर्म ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला, आणि हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०, हे समोर सह्या होऊन हातीं आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊं नये. विमा चौदा दिवसांत आपल्या नांवें करून घ्यावा. तो केला नाहीं तर दुसऱ्याच्या नुकसानीची जोखीम विमा कंपनीवर राहते, पण आपल्या गाडीचें नुकसान आपल्या माथीं येतें. हें विकणाऱ्यासही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें स्पष्ट केलें कीं, नोंदणी ज्याच्या नांवें आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार; गाडी विकून टाकली होती हें म्हणणें चालत नाहीं. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनीं आणि त्यापुढें दरवर्षीं पासिंग करावें लागतें, हाही जुन्या गाडीचा खर्चच होय.

परराज्यांतून आलेल्या गाडीविषयीं विशेष जपावें. राष्ट्रीय हरित लवादानें सन २०१५ मध्यें दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मज्जाव केला व सन २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरिला. तेव्हांपासून तिकडील डिझेल गाड्या इतर प्रांतांत स्वस्त येऊं लागल्या. गाडी चांगली असेलही. पण तिकडचा ना-हरकत दाखला, इकडचा कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च मिळवून मग ती स्वस्त आहे कीं नाहीं तें पाहावें.

डिझेल गाडी पाहण्यास सकाळीं लवकर, न सांगतां जावें. विकणारा आधींच इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेलें डिझेल इंजिन बहुधा चांगलेंच वाजतें. थंड असतांना तें किती वेळानें सुरू होतें, सुरू झाल्यावर निळा धूर निघतो काय, ऑइलच्या झाकणांतून वाफ उसळते काय, हें आपल्या खात्रीच्या मेस्तरीस दाखवावें. त्याची दिवसाची मजुरी द्यावी आणि विकणाराच्या मेस्तरीस नम्रपणें चहा पाजावा.

आमच्या बंधूंची ती पिकअप अद्याप आहे. टोमॅटो कमी करून त्यांनीं भाजीपाला धरिला, आणि शेजारच्या तिघांचा माल मिळवून आठवड्यांतून तीन रात्री ती भरून पुण्यास जाते. डिझेलचा खर्च क्रेटांच्या प्रमाणांत वांटला जातो व वही आम्ही लिहितों. असे चार जण एका गांवांत मिळत असतील तर जुन्या डिझेल गाडीस आमची हरकत नाहीं. घरचें दूध मात्र मोटारसायकलवरच डेअरीस जातें.