ठसा चिरू नका

पेंटिंगच्या वर्गात एवढं शिकलो : कॅनव्हास एक, भिंत एक, मालक एक. घाम आमचा, दिवाणखाना त्यांचा.

छापचित्राच्या वर्गात डोळे उघडले. लिनोलियम ही मूळची जमिनीवर अंथरायची वस्तू, पायाखालची. ती कोरायची, रोलरने शाई फासायची, वर कागद दाबायचा. मी पहिल्यांदा ‘जय भीम’ सरळ कोरलं; उलटं उमटलं. सरळ उमटायचं तर उलटं कोरावं लागतं, हे हाताला कळलं.

मग सरांनी नियम सांगितला. दहाच प्रती काढा, खाली १/१० लिहा, नंतर ठसा चिरून टाका. म्हणजे किंमत टिकते. मी विचारलं, कुणाची? सर गप्प.

एका ठशातून शंभर प्रती निघत असताना दहावर कुलूप? ही तर पाणवठ्याचीच रीत. पाणी भरपूर, पण आमच्या ओंजळीला बंदी.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद गावोगाव फिरला, भूक चितारली. त्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. सरकार भिंतीवरच्या चित्राला भीत नाही, हातोहात फिरणाऱ्या चित्राला भितं. पुढे मुंबईत राहून त्याने राबणारी पोरं लिनोत कोरली.

दोस्तहो, ठसा चिरू नका. वस्तीत आणा. शाई संपेस्तोवर छापा.