कोळशातील गंधक जिवाणू खातील, पण किती?

लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर चालणारे टाटांचे खोपोली वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराविना वीज मिळू लागली. त्या तलावांपैकी वळवण तुंगार्लीच्या शेजारीच आहे. शतकानंतर मात्र राज्याची बहुतांश वीज कोळशावरच तयार होते, आणि त्या धुरातील गंधकाचे काय करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली. मुदत वारंवार वाढली. जुलै २०२५ मध्ये तर सुमारे ७८ टक्के केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट घालून, या मर्यादेतून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असतो, हे त्यामागचे एक कारण.

टक्का लहान असला तरी कोळसा प्रचंड जळतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो. अर्धा टक्का गंधक धरला तरी त्यातून ७० ते ८० टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हा वायू श्वासनलिकांचा दाह करतो, दमा बळावतो. हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि शेकडो किलोमीटर दूर जातात. उंच धुराडे वायू पांगवते, नाहीसा करत नाही.

मग कोळसा जाळण्याआधीच जिवाणूंकडून गंधक काढून घेता येईल का? कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात सापडलेला ‘अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’ हा जिवाणू लोह आणि गंधकाचे पायराइट हे खनिज विरघळवतो. प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले आहे. पण त्यासाठी कोळशाची बारीक पूड करून ती अनेक दिवस आम्लयुक्त पाण्यात ठेवावी लागते. नंतर ते पाणीही शुद्ध करावे लागते. शिवाय कोळशाच्या रेणूंतच गुंफलेल्या गंधकाला हा जिवाणू हात लावत नाही. आसामच्या गंधकयुक्त कोळशात बहुतांश गंधक नेमका असाच असतो. रोज हजारो टन कोळसा लागणाऱ्या केंद्राला हा वेग परवडणारा नाही.

धूर धुण्याचे तंत्र मात्र नवे नाही. मुंबईच्या ट्रॉम्बे केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा १९८०च्या दशकापासून आहे. आता दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना २०२७ अखेरची मुदत आहे. चंद्रपूरसारख्या गंभीर प्रदूषित भागांतील केंद्रांचा निर्णय मात्र प्रत्येक प्रकरण तपासून होणार आहे. जिवाणूंच्या भरवशावर तो लांबणीवर टाकण्यासारखी स्थिती नाही.